बिराजदारांचा धाकटा आणि पुण्याचं मशीन

कुणाचं कौतुक कानावर पडलं की बिराजदार पेन्सिलीला टोक करायला घ्यायचे. कौतुक जेवढं मोठं, तेवढी पेन्सिल छोटी व्हायची. आमच्या शिंद्यांना बढती मिळाली त्या दिवशी तर नवी कोरी पेन्सिल संध्याकाळी चिमटीत धरता येईना.

सोलापूरच्या भूजल कचेरीत आम्ही बरोबर होतो. मी गावोगाव फिरून विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायचो, ते त्यावरून नकाशे काढायचे. हात देखणा, पण स्वभाव असा, की भवानी पेठेतल्या खानावळीच्या आमटीची तारीफ केली तरी म्हणणार, "त्यात काय लई मोठं हाय? आमच्या अक्कलकोटला यून बघा." साहेब एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरला छान म्हणाले, तर हे दोन दिवस कॅलेंडरकडे पाठ करून बसले.

अशा माणसाच्या वाट्याला कॉम्प्युटर आला.

तो होता पुण्याला. आमचे आकडे तिकडे जायचे, भोकं पाडलेल्या कार्डांवर चढायचे आणि तिकडून छापील नकाशा यायचा. रंग नाही, रेघ नाही. नुसते ठिपके आणि फुल्या. बिराजदार ज्याला महिना घ्यायचे ते काम मशीन एका दुपारी करायचं. साहेबांनी आपल्या खुर्चीमागचा बिराजदारांचा रंगीत नकाशा उतरवला आणि तिथं हा लावला.

त्यात आणखी एक गोष्ट होती. ते मशीन चालवणारा शिवानंद हा बिराजदारांचा सख्खा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले. बिराजदारांनी लग्न केलं नाही, त्याला वाढवलं, शिकवलं. तो मशीनवर लागला म्हणून आम्ही अभिनंदन करायला गेलो तर म्हणाले, "बटनं दाबतोय. त्यात काय लई मोठं हाय?" आणि खिशातून ब्लेड काढलं.

दुष्काळ नुकताच सरला होता. नव्या सरकारी विहिरी कुठं पाडायच्या हे ठरवायला जेऊरला बैठक भरली. नकाशा समजावून सांगायला शिवानंद पुण्याहून आला. बिराजदार उगाचच आमच्याबरोबर जीपमध्ये बसले. "फजिती बघायला चाललोय," म्हणाले.

फजिती झालीच. शिवानंद शहरी मराठीत इंग्रजी शब्द पेरत बोलू लागला. पुढच्या एका म्हाताऱ्यानं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"ह्ये काय हो, कागदावर मुंग्या सोडल्यात व्हय?"

सगळी चावडी हसली. दुसरा म्हणाला, "आमची हीर मुंग्या दावनार?" शिवानंद कानापर्यंत लाल झाला. मी चोरून बिराजदारांकडे पाहिलं. ते उठले होते.

"हसताय काय?" ते म्हणाले. "हितं फुल्या हायत न्हवं? तितं आपन लई उपसलंय, पानी खोल गेलंय. ठिपके हायत तितं अजून वर हाय. आता सांगा, ओढ्याच्या पल्याड उन्हाळ्यात पानी टिकतंय का न्हाय?"

"टिकतंय की," म्हातारा म्हणाला.

"मग बघा, तितं ठिपकेच हायत. माझ्या शिवाचं मशीन हाय ते. उगं बोलू नका."

मग माना पुढे करून सगळे त्या कागदावर वाकले. वाद झाले, पण विहिरी ओढ्यापलीकडेच ठरल्या.

संध्याकाळच्या गाडीनं शिवानंद परतला. खिडकीतून म्हणाला, "अण्णा, पुण्याला या की एकदा. मशीन दाखवतो."

"बघू," बिराजदार म्हणाले. गाडी हलली तसे चार पावलं तिच्याबरोबर चालले आणि थांबले.

मला राहवलं नाही. "तुम्ही तर त्या कागदाकडे बघतसुद्धा नव्हता. कधी शिकलात हे?"

"साहेब जेवायला गेले की."

"कशाला पण?"

ते गाडी गेली तिकडेच पाहत होते.

"दिवाळीला येत न्हाय तो. म्हनतो, सुट्टीतच मशीन मोकळं मिळतंय. पत्र लिहायचं त्याला सुचत न्हाय. त्याच्याकडनं येतंय ते एवढंच. म्हटलं, हेच वाचायला शिकावं."