भिजणं येगळं, न्हाणं येगळं

आमच्या थोरल्या जाऊबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी कानामागे बघतात.

घरात त्यांना सगळे अक्का म्हणतात. पुतणीला बघायला बेल्ह्याचा मुलगा आला, तेव्हा तो रीतीप्रमाणे सगळ्यांच्या पाया पडत अक्कांपर्यंत पोचला. अक्कांनी आशीर्वादाचा हात डोक्यावर ठेवला, तो घसरवत कानावर आणला आणि कान दुमडून मागे पाहिलं. "पोरगा झ्याक हाय," त्या म्हणाल्या, "पर मागली बाजू ऱ्हायलीय." लग्न जमलं. जावईबापू मात्र आजही सासुरवाडीला येताना गाडी लावली की आधी नळावर जातात.

खोडदला आमच्या शेतातून तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या थाळ्या दिसतात. बाहेरगावचे पाहुणे त्या बघून गप्प होतात. अक्कांना एकच काळजी. "एवढाल्या थाळ्या, ह्यांना न्हाऊ घालतं कोण?"

"पाऊस घालतो की, अक्का."

"पावसानं भिजत्यात. भिजणं येगळं, न्हाणं येगळं."

भावकीतली नऊ पोरं त्यांच्या हातची न्हाली. पोराला पाटावर बसवायचं, एका हाताने दंड धरायचा, दुसऱ्या हातात अंग घासायची वजरी, आणि तोंडाने चालू: "कानामागं, मानंमागं, ढोपरामागं. म्होरं देव बघतो, मळ मागं बसतो." पोरं बोंबलायची, पण अंघोळ झाली की त्यांच्याच पदराला डोकं पुसायची. एकेक पोर मोठं झालं, शिकायला किंवा सासरी गेलं. अक्कांच्या दोन्ही लेकीही सासरी गेल्या. शेवटचा उरला माझा सुहास, सहा वर्षांचा.

आणि इथे मी येते. म्हणजे तेव्हाची मी. मंचरच्या पेठेतली मुलगी, बारावी पास, आणि बारावीच्या मानाने अक्कल अंमळ जास्तच आहे असा पक्का समज. एका मासिकात वाचलं की सहाव्या वर्षी मुलाने स्वतःची अंघोळ स्वतः करावी. झालं! नवीन स्लॅबच्या घरात बाथरूम होतंच. मी नारायणगावहून शॉवर आणवला. बसवला त्या दिवशी आळीतल्या चार बायकांना चहाला बोलावलं. शॉवर बघायला! मी नळ फिरवायचे, पाणी पडायचं, त्या "अगं बाई" म्हणायच्या. धरणाचं उद्घाटन केल्यासारखी मी उभी.

मग सुहासला आत पाठवलं. चार मिनिटांत साहेब बाहेर. केसांतून पाणी टपटपतंय आणि साबणाची वडी कोरडी ठणठणीत. मला काही ते दिसलं नाही. दिसलं कुणाला? वजरी घेऊन नेहमीच्या वेळेला आलेल्या अक्कांना. त्यांनी कान दुमडला.

"भिजलंय निस्तं. चल रं, पाटावर बस."

बायका हसल्या. माझ्या उद्घाटनाचा विचका झाला. मी ताडकन म्हणाले, "अक्का, तो आता मोठा झालाय. तुम्ही बाथरूममध्ये येत जाऊ नका. त्याला लाज वाटते."

"मला नाय वाटत लाज," सुहास म्हणाला. मी त्याच्याकडे बघून डोळे वटारले.

अक्कांनी वजरी कमरेला खोचली. "बरं," म्हणाल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या. "साबण डोळ्यात गेला तर फुंकर मार त्याला." आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्या बाथरूमची वाट सोडली.

आठवडाभर सुहास तसाच मानेवर नकाशा घेऊन हिंडला. मग एकाएकी पोरगं लख्ख दिसायला लागलं. कान चकचकीत, ढोपरं गुलाबी. माझा ताठा काय वर्णावा! शाळेत बाईंना भाषण दिलं, "मुलांवर विश्वास टाकावा लागतो हो." शिनोलीच्या नणंदेला तर तासभर पिळलं. ती शेवटी म्हणाली, "वहिनी, माझा मुलगा कॉलेजात आहे."

एक दिवस वड्यांसाठी अळू आणायला घरामागे गेले. बाथरूमचं पाणी तिकडे सोडलेलं, त्यावर अळू माजलेलं. आत शॉवर चालू होता. आणि हवेसाठी ठेवलेल्या वरच्या झडपेखाली, घोटाभर चिखलात, लुगडं खोचून अक्का उभ्या.

"कानामागं?"

"झालं," आतून सुहास.

"खरं?"

जरा वेळ नुसतं पाणी. "…थांब."

"मानंमागं? दोन्ही हातानं घास. अस्सं."

"अक्का, साबण गेला डोळ्यात!"

अक्कांनी गाल फुगवून जोरात फुंकर मारली. फू! फू! झडप डोक्याच्या हातभर वर, आणि अक्कांची तर भिंतीकडे पाठ. फुंकर गेली समोरच्या कांद्याच्या वावरात. पण आतून आवाज आला, "गेला!"

पाठ का केली होती, ते मला कळलं. त्याला लाज वाटते, असं मीच सांगितलं होतं ना.

मी पावलं न वाजवता मागे फिरले. त्या दिवशी पिठलं केलं. दुसऱ्या दिवशी बाथरूमची उरलेली शहाबादी फरशी नेऊन झडपेखाली चिखलात टाकली. एवढंच केलं. दार उघडून "अक्का, आत या," म्हणायला मला जमलं नाही. म्हटलं असतं, तर ती भाषणं परत घ्यावी लागली असती. अक्काही फरशीबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. पुढे सुहासला सगळं आपलं आपलं यायला लागलं, तो आतून हाक मारीना. तरी काही दिवस त्या वेळेला मागच्या खिडकीतून अक्का फरशीवर उभ्या दिसायच्या. मी तिकडे फिरकत नसे. तेवढे दिवस आमच्याकडे वड्या झाल्या नाहीत.

या मे महिन्यात सुहासची मुलगी सई आली. सहा वर्षांची. "मी एकटी करणार अंघोळ," म्हणाली आणि धाडकन दार लावलं. अक्का आता ऐंशीच्या पुढे, हातात काठी. काठी टेकत अळवाकडे निघालेल्या मला दिसल्या. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, घरात आणलं, बाथरूमच्या दारापाशी खुर्ची मांडली.

अक्का बसल्या. खुर्चीच्या हातावरून हात फिरवला.

"फरशीपरीस बरं हाय," म्हणाल्या.

मला वर बघवेना. एवढी वर्षं! आत शॉवर नुसताच पडत होता. साबणाचा वाससुद्धा येत नव्हता. अक्कांनी काठीने माझ्या पायाला हळूच टोचलं.

"इचार की, सुमन. का लाज वाटती?"

मी दाराला तोंड लावलं.

"सई, कानामागं?"

"झालं!"

"खरं?"

पाणी पडतच राहिलं.

"…थांब."