बुचोच्या टोपीचा नवस

रविवारी सकाळी तिबुर्सिओ ओर्नेलासने बायकोला ठणकावून सांगितलं, "आज खोगिरातून धूर नाही काढला, तर माझं नाव बदल."

"तुझं नाव घेतं कोण? सगळे बुचोच म्हणतात," चायो म्हणाली आणि कढईतला गुळाचा पाक ढवळत राहिली.

धूर काढणं ही मेक्सिकोतल्या हालिस्कोच्या त्या पठारावरची सगळ्यात मोठी मर्दुमकी. उधळलेल्या घोडीचे मागचे दोन्ही पाय फासात धरायचे, दोराचे वेढे आपल्या खोगिराच्या पुढच्या लाकडी बोंडाला द्यायचे आणि दोर सरकू देत देत तिला अलगद थांबवायचं. दोर असा घासतो की बोंडातून धूर निघतो. बुचोने तरुणपणी पुष्कळ धूर काढला होता. अलीकडे तो फक्त तोंडानेच काढायचा.

खोड एकच होती. हातातून फास सुटला रे सुटला, की गडी घोडीकडे बघायचं सोडून मान वर करून प्रेक्षकांकडे बघायचा. आपल्याकडे कोण कोण बघतंय, याची त्याला भारी हौस. तेवढ्यात घोडी निसटायची आणि त्या झटक्याने डोक्यावरची रुंद काठाची टोपी, सोम्ब्रेरोही, धुळीत पडायची. भर रिंगणात टोपी पडली की संघाचे गुण कापतात. मागच्या खेपेला तेवढ्यावरूनच शेजारच्या गावाने चषक उचलून नेला होता.

संघाचा कप्तान लिब्रादो हा बुचोचा लंगोटीयार. पण बुचोच्या मुलीचा तो धर्मपिता झाला, तेव्हापासून रिवाजाप्रमाणे दोघे एकमेकांना 'कंपाद्रे' आणि 'तुम्ही' म्हणत. त्यामुळे शिव्याही अदबीने द्याव्या लागत.

"कंपाद्रे," लिब्रादोने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "उद्या टोपी पडली किंवा फास हुकला, तर पुढच्या रविवारपासून तुम्ही माझ्या सासूबाईंच्या शेजारी बसून खेळ बघायचा."

त्या सासूबाईंच्या शेजारी त्यांचा सख्खा नवराही बसत नसे. बुचो रात्रभर तळमळला. घोड्यावरून उतरून तो करणार तरी काय होता? दुसरं त्याला काही येतच नव्हतं.

आता चायो पेरू तोडायला परसात गेली आणि बुचोची नजर कढईवर पडली. पाक चांगला चिकट झाला होता. त्याने पळीभर पाक घेतला, टोपीच्या आतल्या पट्टीला गोल फासला आणि टोपी डोक्यावर दाबून बसवली.

"पाक कमी कसा झाला?" चायोने आल्या आल्या विचारलं.

"आटला असेल."

रिंगणात बँड वाजला, झेंडा आत आला. सगळ्या स्वारांच्या टोप्या डोक्यावरून निघून छातीवर गेल्या. बुचोनेही हात घातला. टोपी हलेना. दोन्ही हातांनी ओढली, तर टोपीबरोबर भुवया वर गेल्या. बुचोच्या डोक्याला अक्षरशः बूच बसलं होतं.

"ओर्नेलास, टोपी," पंच कडाडला. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. झेंड्यापुढे टोपी न काढणारा माणूस त्या गावाने अजून पाहिला नव्हता.

"नवस आहे!" बुचोच्या तोंडून निघून गेलं. "सान हुआनच्या मेरीमाउलीला बोललोय. घोडी धरेपर्यंत टोपी उतरवायची नाही."

झेंड्याजवळ पाद्री उर्बानो उभे होते. बुचोने देवळात यावं म्हणून त्यांनी आजवर जिवाचं रान केलं होतं. त्यांनी माइक हिसकावूनच घेतला.

"बंधूंनो, हा माणूस ईस्टरलासुद्धा फिरकत नाही. आणि मनात बघा किती भक्ती! नवस फिटेपर्यंत ही टोपी उतरणार नाही. आज नाही फिटला तर जन्मभर नाही."

लोक उभे राहिले. बायकांनी डोळे पुसले. उन्हाने पाक पातळ होऊन बुचोच्या गालांवरून ओघळू लागला, तेव्हा तर सासूबाईही हुंदके देऊ लागल्या. एकट्या चायोने डोळे बारीक केले. नवऱ्याचे अश्रू तांबूस होते आणि त्यांवर माशा बसत होत्या.

बुचोची स्थिती इकडे आड तिकडे विहीर. घोडी धरली, तर टोपी काढून दाखवायची. नाही धरली, तर जन्मभर टोपी आणि वर सासूबाई.

पहिली घोडी सुटली. बुचोने एका हाताने टोपी मागे ढकलायचा प्रयत्न केला, फास भलतीकडेच गेला. दुसऱ्या वेळी त्याने सवयीने मान वर केली. पण पाक पातळ झाल्याने सैल झालेली टोपी पार नाकापर्यंत घसरली आणि तिथेच चिकटून बसली. फास पुन्हा रिकामा. लिब्रादो सासूबाईंच्या शेजारची जागा निरखू लागला.

तिसरी आणि शेवटची घोडी आली. बुचोला प्रेक्षक दिसत नव्हते, आभाळ दिसत नव्हतं. काठाखालून दिसत होती फक्त धूळ आणि त्या धुळीत धावणारे खूर. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून तो खुरांकडेच बघत राहिला. फास सुटला, जमिनीलगत उघडला आणि दोन्ही खूर त्यात पडले. बुचोने वेढे दिले. दोर करकरला, घोडी हळूहळू थांबली आणि बोंडातून निळसर धूर निघाला.

आधी त्याला त्याचा वास आला. मग आरोळ्या ऐकू आल्या. प्रेक्षकांनी आपापल्या टोप्या रिंगणात भिरकावल्या, इतक्या की घोडी बुजली. चषक गावात परत आला होता.

"आता टोपी!" पाद्री ओरडले. "टोपी! टोपी!" सगळं गाव ओरडलं.

चायो मेंढ्या कातरायची कात्री घेऊन रिंगणात आली. गुडघे टेकलेल्या नवऱ्यापुढे प्रार्थनेला वाकावं तशी वाकली.

"आटला का रे पाक?" ती कानात म्हणाली आणि टोपीच्या कडेने कात्री फिरवू लागली.

टोपी वर आली, ती उरल्यासुरल्या केसांची झालर घेऊनच. पाद्रींनी पुन्हा माइक ओढला. "केससुद्धा वाहिले!" ते म्हणाले. चकाकणारं टक्कल घेऊन बुचोने घोड्यावरून रिंगणाला फेरी मारली, आणि खरं सांगायचं तर राजाही इतका ऐटीत बसला नसता.

घरी आल्यावर तो म्हणाला, "बघितलंस? माउली पावली."

"माउलीला कशाला त्रास देतोस? टोपीने तुझी मान खाली ठेवली," चायो म्हणाली. "लग्न झाल्यापासून मला जमलं नाही, ते पळीभर पाकाने केलं."

बुचो यावर काही बोलणार, तोच परसदारी टकटक झाली. चायोने दार उघडलं. लिब्रादो उभा होता, पाठीमागे टोपी लपवून.

"कोमाद्रे," त्याने इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "पाक एकतारी होता की दोनतारी?"