मुऐदरचा रोमन

शुक्रवारी सकाळी कतारमधल्या मुऐदर भागात सर्जेरावांच्या व्हिलाबाहेर रांग लागते. फुकट कांदेपोह्यांची. ड्रायव्हर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळ्यांत पुढे, ऑफिसातले साहेब मध्ये आणि ज्यांना आयुष्यात काही आयतं मिळालंय ते शेवटी. माझ्या पुण्याच्या फ्लॅटला वडिलांनी पैसे दिले होते, हे मी एकदा गप्पांच्या भरात बोलून बसलो. तेव्हापासून माझी जागा पार मागे, कचऱ्याच्या डब्याशेजारी.

"रोमात उलटं हुतं," सर्जेराव दारातल्या खुर्चीतून ओरडून समजावतात. "तितं बापाच्या जमिनीवर बसून खानारा थोर, आन् राबून मिळवनारा हलका. आपुन रोम सरळ केलं!"

सर्जेराव मूळचे तासगावकडचे. एसी दुरुस्त करायला कतारला आले आणि आता त्यांच्या स्वतःच्या व्हॅन अल रय्यानभर फिरतात. व्हॅन चालवताना मोबाईलवर रोमच्या इतिहासाची हिंदी भाषणं ऐकायचं व्यसन लागलं, ते मालक झाल्यावरही सुटलं नाही. रोमात धनिकाच्या दारी रोज सकाळी माणसं रामराम करायला जमत आणि शिधा घेऊन जात, हे त्यांनी असंच कधीतरी ऐकलं होतं. पुढे वहिनी गेल्या, घर सुनं झालं आणि हे पोहे सुरू झाले. पोहे ते स्वतः करतात. मीठ जास्त असतं, पण तसं बोलायची कुणाची छाती नाही.

माणूस भेटला की त्याचा रोमन हुद्दा ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझ्या ऑफिसातला मॅनेजर सिनेटर, कारण त्याचा सासरा कंपनीत भागीदार. बँकेत कुणी त्यांना 'सर' म्हटलं, तर हे लगेच दुरुस्ती करतात, "सर न्हवं. सुटल्याला गुलाम."

"असं काय बोलता?" मी एकदा म्हटलं.

"मग? गुलाम सुटायचा, धंदा करायचा, सोन्यानं मढायचा. पर थोरामोठ्यांच्या सभेत बसायचं म्हटलं, की खलास! त्याच्या पोराला मात्र बसाय मिळायचं. पैसा त्योच, बरं का. पैसा धुवाय एक बाप घासावा लागतो, सायेब."

हे सगळं घासणं रोहनसाठी चाललं होतं. रोहन त्यांचा एकुलता एक. इथेच वाढला, इंजिनिअर झाला. मराठी सगळी कळते, उत्तर इंग्रजीत. त्याच्यासाठी बापाच्या कंपनीत केबिन बांधून तयार होती आणि आतल्या खुर्चीवरचं प्लास्टिकसुद्धा त्याच्याच हाताने काढायचं ठरलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला सर्जेराव ती काचेतून दाखवत.

आणि गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रोहन रांगेत आला. माझ्याही मागे उभा राहिला.

"अरे, तू घरात जाऊन खा की!" मी म्हटलं.

"नो काका, टुडे लाइन," तो म्हणाला. घाबरलेला दिसत होता.

तेवढ्यात सर्जेरावांनी त्याला पाहिलं. "काय रं, हितं काय करतोस?"

"पप्पा, आय गॉट अ जॉब. दुसऱ्या कंपनीत. ज्युनिअर." मग तो मोठ्या कष्टाने मराठीत म्हणाला, "मला केबिन नको. तुम्ही स्वतः केलं, तसं मी पण करणार. अल नस्रला रूम घेतली आहे. आता मी कुठे उभा राहू?"

सगळी रांग सर्जेरावांकडे वळली. कायदा तर सर्जेरावांचाच होता. ते उठले, मागे आले, पोराला दंडाला धरून चालवत नेलं आणि ड्रायव्हरांच्याही पुढे उभं केलं. पोह्यांचं पाकीट हातात दिलं. पण त्यांची बोटं ते सोडेनात, आणि रोहननेही ओढलं नाही.

"यल्ला, जा," शेवटी तेच म्हणाले. "डूटीवर येळेत जात जा."

रोहनची गाडी वळून गेली. रांग पांगली. मी विचारलं, "सर्जेराव, रोमात अशा वेळी काय करायचे हो?"

"रोमात असलं पोरगंच न्हवतं," ते म्हणाले. छाती फुगवून म्हणाले आणि म्हणता म्हणता रडायला लागले. "मग आता हे समदं मी द्यायचं कुणाला, वो?"

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसून राहिलो.