मागं वळून न बघता

कोल्हारच्या राधाकृष्णाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी बायकोला घेऊन नगरला जायची परवानगी मिळाली. निमित्त फराहबागेचा निजामशाही महाल बघण्याचं होतं, पण त्याच्या मनात वेगळंच होतं. भरल्या घरात झुंबरबाईशी त्याला कधी धड बोलताच आलं नव्हतं. गेल्या साली तो विषमज्वरानं पडला, तेव्हा तिनं रात्रीचा दिवस केला होता. त्याबद्दल आज एकदा तरी गोड बोलायचं होतं.

त्या काळी नवरा पुढे आणि बायको मागे, अशीच जोडपी चालत. वळून बायकोकडे बघणाऱ्याला गाव बाईलवेडा म्हणे, आणि ते नाव नातवंडं झाली तरी सुटत नसे. महालाच्या दारात शाळेची सहल आडवी आली, रेटारेटी झाली. पण राधाकृष्णानं मान वळवली नाही. मागे बांगड्या वाजत होत्या, तेवढं त्याला पुरे होतं.

अंधाऱ्या दालनात तो थांबला आणि भिंतीकडे बघत बोलला, "मी आजारी हुतो तवा तू लई केलंस. तू नसतीस तर मी उठत न्हवतो. घरात बोलता येत न्हाई, पन मनात रोज येतं."

मागून हुंदका आला. न राहवून तो वळला, तर एक अनोळखी म्हातारी पदरानं डोळे पुसत होती.

"थांबलास का? बोल की," ती म्हणाली. "आमच्या मालकानं जल्मात असं बोलून दाखवलं न्हाई. मला वाटलं, आमचं मानूस म्हाल बघून सुधारलं."

ती सोनईची बायडाबाई. दोघं धावत बाहेर आली. तिकडे तिचे मालक सहादेव उसाचा भाव सांगत चालले होते आणि त्यांच्या मागे खाली मान घालून झुंबरबाई. डोळ्यांवर पदर, त्यामुळे तिला दिसत होत्या फक्त पुढच्या वहाणा. चूक तिच्या लक्षात आली होती. पण नवऱ्याला नावानं हाक मारायची कशी आणि परक्या पुरुषाला थांबवायचं कसं?

"तुझ्या मालकाला काय तरी सांगायचंय," बायडाबाई तिला म्हणाली. "लई चांगलं हाय, ऐक."

झुंबरबाईनं पदर सारून नवऱ्याकडे बघितलं. तिचे डोळे समोर आले आणि राधाकृष्णाची जीभच उचलेना. एसटी चुकेल, एवढंच तो कसंबसं पुटपुटला. झुंबरबाई त्याला मागे टाकून पुढे झाली.

"आता मी म्होरं चालते," ती म्हणाली. "तुमी मागनं बोला."

नगरच्या स्टँडपर्यंत तिनं एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि राधाकृष्ण काही केल्या गप्प बसेना.