दुपट्यावरचा व्हॉल्व्ह

"असंल का म्हंजे? हाय! माझ्या हातचा ओरिजिनल हाय. या घरी, च्या प्या अन् नकाशा घेऊन जा," असं गुंडप्पांनी फोनवर ठणकावून सांगितलं. फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला होता. चाकूरच्या त्या तीन खोल्यांत बायको उमादेवी, बाळंतपणाला आलेली लेक दामिनी आणि पाळण्यातलं तीन महिन्यांचं बाळ, एवढेच श्रोते होते. त्यांतलं बाळ तेवढं लक्ष देऊन ऐकत होतं.

गुंडप्पा तीस वर्षं सरकारी कचेरीत आरेखक होते. कॉम्प्युटर आल्यावर कचेरीने जुने नकाशे रद्दीत काढले, तेव्हा त्यांनी आपल्या हातचे सहा नकाशे मागून घरी आणले आणि पत्र्याच्या नळकांड्यात घालून माळ्यावर ठेवले. त्यानंतर दहा वर्षं कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. आज मात्र पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरचा फोन आला होता: येळंबवाडीची पाण्याची मोठी लाइन फुटली होती, ती बंद करायचा व्हॉल्व्ह नव्या सिमेंट रस्त्याखाली कुठेतरी गडप झाला होता आणि अर्धं गाव चार दिवस कोरडं होतं. गावातल्या चार म्हाताऱ्यांनी चार वेगळ्या जागा शपथेवर दाखवल्या होत्या. आता सगळी भिस्त गुंडप्पांच्या नकाशावर होती, आणि गुंडप्पांची छाती त्यामुळे चार इंच वाढली होती.

"अहो, येळंबवाडीचं म्हणताव तर माझं जरा ऐका," उमादेवी पदराला हात पुसत म्हणाल्या. येळंबवाडी त्यांचं माहेर.

"तू थांब. हे टेक्निकल हाय."

तासाभरात इंजिनियर लुंबिनी आली. लोहा गावची पोर, नोकरीला दीड वर्ष झालेलं, चेहऱ्यावर चार दिवसांचं जागरण. तिच्या मागे येळंबवाडीचे सरपंच निवृत्तीराव हात जोडूनच आत शिरले. "काका, कायबी करा, पर रस्ता वाचवा. व्हॉल्व्ह न्हाई घावला तर मॅडम देवळापासून शाळंपस्तोर समदा फोडणार हायत. अजून त्यावरून म्या बैलगाडीसुदिक जाऊ दिली न्हाई!"

गुंडप्पांनी स्टुलावर चढून नळकांडं काढलं, धूळ झटकली, झाकण उघडलं आणि नाटकात तलवार उपसावी तसा आत हात घातला. हातात आली लोकरीची सुई. मग क्रोशाचा आकडा, मग मोराचा छापा असलेला बटरपेपर. मग काहीच नाही.

"उमा!"

"त्यातली कापडं व्हय?" उमादेवी दारातूनच म्हणाल्या. "लई कडक खळ होती त्याला. सोडा घालून उकळली, तर काय सांगू, मलमलीवानी निघाली! पाच धुवून ठेवल्यात. एकाचं बाळाला दुपटं केलं."

नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर काढलेले होते. ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे खळ लावून काचेसारखं पारदर्शक केलेलं तलम सुती कापड, हे गुंडप्पा कुणालाही तासभर सांगू शकत. त्याच्याखाली मलमल असते आणि ती बायकोला दिसू शकते, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

"धुतलीस?" ते कसेबसे म्हणाले. "माझी रेघ धुतलीस?"

"कुठली धुऊन निघायली ती! तीनदा उकळलं, तरी डाग तसेच. मग डाग झाकायला त्यावरूनच टाके घातले."

लुंबिनी ताडकन उठली. "कोणतं कापड, काकू? कुठंय दुपटं?"

दुपटं पाळण्यात होतं आणि बाळ त्याच्यावर होतं. दामिनीने बाळाला उचललं तसं ते किंचाळलं. दुपटं जमिनीवर पसरलं आणि सगळेजण त्याच्याभोवती उकिडवे बसले. मधोमध एक ओला डाग होता.

"ही विहीर," गुंडप्पा खालच्या आवाजात म्हणाले.

दुपट्यावर येळंबवाडी होती. अख्खी. मोठ्या पाइपची जाड रेघ निळ्या साखळी टाक्यात विहिरीपासून टाकीपर्यंत गेली होती. गल्लीबोळातले फाटे धावदोऱ्याने, एकेक टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. नाल्याच्या काठावर आरेखक बारीक आडव्या रेघा ओढतात, तिथे काजटाका. विहिरीचं झालं होतं सूर्यफूल. उत्तरेच्या बाणाचा झाला होता मोर, मान बरोबर उत्तरेला. व्हॉल्व्हची खूण म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, त्यांचं फुलपाखरू झालं होतं. कोपऱ्यात, डाग गेला नाही म्हणून, पिवळ्या दोऱ्यात सही होती: गुंडप्पा. त्यांच्या सहीचा तो वाकडा फराटासुद्धा सुटला नव्हता.

"बाप रे," लुंबिनी म्हणाली. "काका, मी चार वर्षं इंजिनियरिंग केलं. एवढी सरळ रेघ माझ्या कॉम्प्युटरलाबी येत नाही."

"पर धुतल्यावर कापड आखडतंय," गुंडप्पा कळवळून म्हणाले. "प्रमाण गेलं सगळं."

लुंबिनीने दुपट्याच्या खालच्या काठावर बोट ठेवलं. तिथे काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी होती. "अन् हे काय?"

गुंडप्पा वाकले. ती त्यांचीच मापपट्टी होती, भरीव टाक्यात भरलेली. ते लहान पोरासारखे ओरडले, "अगं, कापड आखडलं तर हीबी त्याच्यासंगंच आखडली की! म्हंजे माप बिलकुल बरोबर हाय! दामिनी, माझी पेटी आण!"

दहा वर्षांनी पेटी उघडली. मखमलीच्या खाचेतून डिव्हायडर निघाला आणि त्याची टोकं अलगद दुपट्यावर चालू लागली. मध्येच गुंडप्पा थबकले. फुलपाखरं दोन होती. एक शाळेसमोर, दुसरं तिथून बरंच अलीकडे.

"व्हॉल्व्ह एकच होता. हे दुसरं कुठून आलं?"

"तेच सांगायले, त्यातलं अलीकडचं..."

"कळलं, कळलं. एक बाजू मोकळी दिसली म्हणून घातलंस. डिझाइनचा तोल! मॅडम, बायकांचं असंच असतंय, दोन्हीकडं सारखं पाहिजे. माझं फुलपाखरू शाळंसमोरचं. चला."

दुपटं जीपमध्ये गेलं. दुपट्याशिवाय बाळ गप्प राहीना म्हणून बाळ गेलं. बाळ गेलं म्हणून दामिनी गेली, आणि लेकीला एकटं कसं पाठवायचं म्हणून उमादेवीही पायात चपला सरकवून बसल्या. येळंबवाडीत रिकाम्या घागरी घेऊन सगळ्या बायका रस्त्यावरच होत्या. जीपमधून नकाशाऐवजी आधी बाळ उतरलं, तेव्हा त्या जरा गोंधळल्या. पण दुपटं पसरल्यावर सगळ्यांच्या माना खाली झुकल्या. एका म्हातारीने त्यावर आपलं घर शोधलं, त्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

गुंडप्पांनी शाळेच्या कोपऱ्यापासून टेपने मोजलं, खडूने फुली मारली आणि मागे सरले. निवृत्तीरावांनी डोळे मिटून घेतले. पहार पडली. एक फूट गेलं, दोन फूट गेलं, तीन फुटांवर पाइप लागला. नुसता पाइप. दोन्हीकडे हातभर उकरलं तरी नुसता पाइपच.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "दुपट्यावर काय भरवसा ठेवताव!" आणि दोन-चारजण हसले. गुंडप्पांना ते हसणं लागलं. आपली रेघ केसभरही चुकत नाही, एवढी एकच गोष्ट ते आयुष्यभर अभिमानाने सांगत आले होते. ती आता सगळ्या गावासमोर, बायकोच्या माहेरी, खड्ड्यात पडली होती. ते त्या खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. लुंबिनीने नाइलाजाने रस्ता फोडायचं मशीन बोलवायला फोन काढला.

"मॅडम, जरा थांबा." उमादेवी बाळाला खांद्यावर टाकून चालत निघाल्या होत्या. एका पिवळ्या घरासमोर त्या थांबल्या, डावीकडे दोन पावलं सरकल्या आणि चपलेने सिमेंटवर रेघ ओढली. "हितं खंदा."

लुंबिनीने धावत जाऊन दुपट्यावर डिव्हायडर लावला. दुसरं फुलपाखरू. टाक्याचासुद्धा फरक नाही.

दीड फुटावर पहार ठण्ण वाजली. लोखंडी झाकण निघालं, झाकणाखाली व्हॉल्व्ह निघाला. दोघा मजुरांनी जोर लावून फिरवला, आणि चार दिवस नाल्याकडे धावणारं पाणी हळूहळू थांबलं. बायकांनी एकच कालवा केला. निवृत्तीराव दोन खड्ड्यांवर वाचलेल्या आपल्या रस्त्याकडे बघत डोळे पुसत होते.

"हे तुला कसं ठाऊक?" गुंडप्पांनी विचारलं.

"हे घर कुणाचं हाय, ओळखलं न्हाई व्हय? माझ्या अप्पांचं. हितं मोठी चिंच होती. शाळंपाशी ऊन लागायलं म्हणून मिस्त्रीनं सावलीत बसवला व्हॉल्व्ह. मी पंचमीला आले होते, डोळ्यानं बघितलं. घरी येऊन सांगितलं, तर तुमी म्हणलाव, नकाशात हाय तिथंच असतंय."

"मग दुपट्यावर दोन कशाला?"

"एक खरं होतं," उमादेवी बाळाला थोपटत म्हणाल्या. "अन् एक तुमचं होतं. ते कसं उसवायचं?"

परतीच्या वाटेवर जीपमध्ये गुंडप्पा दुपटं मांडीवर घेऊन बसले होते आणि एका साखळीवरून हळूहळू बोट फिरवत होते. चाळीस वर्षं ही बाई आपल्या शेजारी बसून टाके घालते आहे, आणि आपण त्याला दोऱ्याचा खेळ म्हणत आलो.

लुंबिनीने कचेरीसाठी नवा नकाशा मागितला होता. आठ दिवस गुंडप्पांनी टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर मांडून दुपट्यावरून कागदावर येळंबवाडी उतरवली. खालच्या कोपऱ्यात नेहमीचे रकाने आखले. 'रेखाटले' यापुढे सही केली, मग कागद आणि पेन उमादेवींसमोर ठेवलं. 'तपासले' हा रकाना रिकामा होता.

उमादेवींनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "शाळंपुढचं फुलपाखरू काढून टाकलाव?"

"तिथं काही नव्हतंच की."

"ते खरं. पर ही बाजू लई मोकळी दिसायली."

गुंडप्पांनी रबर घेतलं आणि वरच्या कोपऱ्यातला उत्तरेचा बाण खोडून शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत काढायला बसले.

"आता?"

"आता बसलं," असं म्हणून उमादेवींनी सही केली.