इथं कोन खोकून राहिलं?

मेश्रामकाकांनी मला घरात घेतलं, हे आधी सांगतो. बाकीचं नंतर.

नागपुरात दुकानं, गोदामं, ऑफिसं भाड्यानं जाण्याआधी तिथली हवा, पाणी, पत्रे तपासायचं त्यांचं काम. पाठीवर यंत्रांची बॅग. पण ती उघडायच्या आधी ते मोठ्यानं विचारणार, "इथं कोन खोकून राहिलं गा?" तेही मालकाला नाही, झाडूवाल्याला. "मशीन उद्या सांगते, मानूस आज."

कोरड्या झाडूशी त्यांचं उभं वैर. हातात कायम फवाऱ्याची बाटली. कोणी झाडताना दिसला की आधी जमीन भिजवणार, मग त्याला झापणार. तर्री-पोह्याच्या गाडीवरही बाकडं ओलं पुसल्याशिवाय बसायचे नाहीत. गाडीवाला म्हणायचा, "काका, आता मले बी धुता का?"

"तू खोकून पाह्य, मंग सांगतो."

नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका गोदामात झाडू माझ्या हातात होता. माझं गाव पार लांब, चंदगडकडे, शाळा सातवीत सुटलेली. इथून काढलं तर जायचं कुठं, ही धाकधूक रोजची. वरचे सिमेंटचे जुने पत्रे फोडणं चाललेलं आणि पडणारा पांढरा चुरा मी तीन महिने झाडत होतो.

काकांनी आल्या आल्या विचारलं. मॅनेजर म्हणाला, "कोनी नाही, साहेब," आणि माझ्याकडे बघितलं. मी खोकला गिळला. काका हलेनात. चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा काढला. माझे कान तापले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"खोकून घे गा," ते हळूच म्हणाले. "काहून जीव देऊन राहिला?"

मग मी जो खोकलो, तो खाली बसेपर्यंत.

त्यांनी पत्रा भिजवला, तुकडा दोन पिशव्यांत बंद केला. अहवालात अ‍ॅस्बेस्टॉस निघालं, फुप्फुसात रुतून बसणारे तंतू. गोदामाला टाळं लागलं, माझी नोकरी गेली. काकांनीच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत गेलेलं बाहेर निघत नाही. किती गेलंय ते पुढं कळेल.

त्या संध्याकाळी काका मला त्यांच्या घरी घेऊन आले. कुलूप काढलं आणि रिकाम्या घराला विचारलं, "इथं कोन खोकून राहिलं?" मला हसू आलं. पण ते उंबऱ्यातच थांबले, कान देऊन. हसता हसता मलाच उबळ आली. तेव्हा कुठं त्यांनी दिवा लावला.

भिंतीवर काकूंचा फोटो. चहा पिताना म्हणाले, "असल्याच पत्र्याच्या कारखान्यात पोती झटकत होती. लय खोकायची. कोनी इचारलंच नाही तिले." बशीत चहा तसाच राहिला. "मी बी नाही."

आता त्यांची बॅग मी उचलतो, पाण्याचे नमुने भरतो. धुळीची जागा असली की मला बाहेरच उभं करतात.

हे उपकार मी फेडणार. कसे, तेही ठरलंय. खोकल्यानं तेवढी मुभा दिली, तर एक दिवस त्यांच्या आधी घरी येऊन बसायचं. त्यांनी दारातून विचारलं, की मोकळ्या छातीनं सांगायचं, "कोणी नाही, काका. या आत."