चव घेणाऱ्यांची वही

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुपारी बाराला पातेल्याचं झाकण उघडलं, तेव्हा बाहेर चाळीस मुलं ताटल्या घेऊन उभी होती आणि आत सात मोठी माणसं चमचे घेऊन.

दुपारच्या शाळेत एकही पोर उपाशी जाऊ नये म्हणून चार गल्ल्यांनी मिळून हे स्वयंपाकघर काढलं होतं. धान्य वरचं कार्यालय पाठवी. नियम एकच, पण पक्का: आधी जबाबदार माणसांनी चव घ्यायची, वहीत सही करायची, मग मुलांना वाढायचं. सुरुवातीला चव दोघंच घेत. पण असली जबाबदारी उचलायला माणसं कधी कमी पडत नाहीत.

स्वयंपाकघर समितीच्या अध्यक्षांनी चमचा बुडवला. "मीठ कमी वाटतंय."

"मला तर जास्त लागलं," त्यांचा मेहुणा म्हणाला.

"मग पुन्हा बघू."

दोघांनी पुन्हा बघितलं. दातांचे डॉक्टर म्हणाले, चमच्याने अंदाज येत नाही, वाटी लागते. भाताशिवाय रस्सा कळणार कसा, असं दुकानदाराचं म्हणणं पडलं. भात आला. "वरच्या बटाट्यावरून खालचा शिजलाय का ते कळत नाही हो," असं म्हणत निवृत्त मुख्याध्यापकांनी डाव थेट तळाशी घातला.

स्वयंपाक करणाऱ्या मावशी दाराला टेकून बघत होत्या. "साहेब, चव अजून लागली नाही का?"

"मावशी, पोरांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. घाई करून कसं चालेल?"

घाई न करता पातेल्याचा तळ दिसला. बऱ्याच मुलांना अर्धी ताटली मिळाली, शेवटच्या नऊजणांना तीही नाही. ती नऊ पोरं तशीच शाळेत गेली. वहीत शेरा पडला: 'चव उत्तम. प्रमाण वाढवावं.'

प्रमाण वाढलं. चव घेणारे अकरा झाले.

"साहेब, चव कोणी घ्यायची याला काही नियम?" मावशींनी सगळ्यांसमोर विचारलं.

"ज्याला सही करता येते, त्याने," अध्यक्ष ओठ पुसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते बाराला आले तर पातेलं धुऊन पालथं घातलेलं.

"हे काय?"

"चव घेऊन झाली. चाळीस सह्या आहेत, बघा."

अध्यक्षांनी वही उघडली. सह्या रंगीत खडूंनी केलेल्या होत्या, काही दोन ओळी अडवून.

"अहो, ही तर पोरं. मग जेवायला कोण?"

"जेवायला आज कोणीच आलं नाही, साहेब."

नियम त्यांचाच, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. ते लवकर येऊ लागले, पण रांगेत नंबर लागे एकेचाळिसावा. महिनाअखेर वही वरच्या कार्यालयात गेली. 'जेवलेली मुलं' या रकान्यात ओळीने शून्यं होती.

आठवड्यात उत्तर आलं. भागात एकही भुकेलं मूल उरलं नाही, म्हणून अध्यक्षांचं अभिनंदन. सोबत प्रमाणपत्र. अध्यक्षांनी ते घरी दिवाणखान्यात लावलं; पत्राचा खालचा भाग वाचायला ते थांबले नाहीत. मावशींनी वाचला. मुलांचं जेवण आता बंद करावं. चव-तपासणी मात्र नियमाचा भाग असल्याने चालू ठेवावी, तिच्यासाठी लागेल तेवढं धान्य मिळेल.

मावशींनी पत्र दोनदा वाचलं, कपाटात नीट ठेवलं, आणि सोमवारपासून संध्याकाळचीही तपासणी सुरू केली.